एफपीएसच्या लेव्हलमध्ये गोष्ट आणि वेग कसा बसवायचा: रेव्हनहोम समोर ठेवून, पायरी पायरीने

स्वतःचा एफपीएस (फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे हिरोच्या डोळ्यांतून दिसणारा बंदुकीचा गेम) किंवा मॉड (असलेल्या गेममध्ये बदल करून बनवलेला) करायला घेतलेली बहुतेक मंडळी सुरुवात कुठून करतात, तर वर्ल्डच्या फाइलपासून. कोणतं साम्राज्य, कोणतं युद्ध, व्हायरस कुठल्या लॅबमधून सुटला, हिरोचा बाप कसा गेला, असं वीस-पंचवीस पानं लिहून होतं आणि मग ते सगळं सांगायला एक कर्नल खुर्चीत बसवला जातो. प्लेयर येतो, कर्नल बोलायला लागतो, आणि प्लेयर त्याच्या टेबलावर चढून उड्या मारतोय, त्याच्या डोक्यात गोळी बसते का बघतोय, मग उचलता येतो का बघतोय. यात प्लेयरचं काहीच चुकत नाही. कॅमेरा त्याच्या हातात दिलाय, बंदूक पण दिलीय, मग तो हेच करणार ना.

एफपीएसमध्ये आपल्याकडे कट नाही, क्लोजअप नाही. आपल्या ताब्यात असते ती जागा, ती ओलांडायला लागणारा वेळ आणि वाटेत काय पडलंय ते. गोष्ट आणि वेग हे दोन वेगळे डिपार्टमेंट नाहीतच मग, दोन्ही त्या वाटेवरूनच ठरतात. खाली जे लिहिलंय ते पंधरा-वीस मिनिटांची एकच लेव्हल करण्यासाठी आहे, अख्ख्या गेमसाठी नाही. पहिल्याच प्रोजेक्टला आठ तासांची कॅम्पेन करणार असाल तर शुभेच्छा.

टूल कुठलंही चालेल. हाफ-लाइफ २ च्या मॉडसाठी हॅमर, क्वेकसाठी ट्रेंचब्रूम (फुकट आहे आणि शिकायला सोपं), नाहीतर सरळ गोडो, युनिटी, अनरियल. उदाहरणं मी जास्त करून हाफ-लाइफ २ मधली (रेव्हनहोम हे त्यातलंच झॉम्बींनी भरलेलं गाव) देतोय कारण तो गेम बहुतेकांनी खेळलाय, आणि २००४ चा असल्यामुळे जुन्या लॅपटॉपवर पण चालतो.

पहिली पायरी: वही घेऊन खेळा

'ब्लॅक मेसा ईस्ट' आणि त्याच्या पुढचा रेव्हनहोमचा चॅप्टर, हे दोन सलग खेळा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि वहीत चार रकाने पाडा: किती मिनिटं झाली, आत्ता प्लेयर काय करतोय (क्रियापदात लिहा: पळतोय, ऐकतोय, शोधतोय, लपतोय), त्याला नवीन काय कळलं, आणि धडधड १ ते ५ पैकी किती. थोडं कंटाळवाणं काम आहे पण हे न करता कोणी 'पेसिंग' (वेगाची मांडणी) वर बोलायला लागलं की समजायचं गडी हवेत आहे.

वहीत साधारण असं दिसेल. ब्लॅक मेसा ईस्टच्या आधी तुम्ही एअरबोट घेऊन कालव्यातून पळताय आणि हेलिकॉप्टर पाडलंय, धडधड ५. मग ब्लॅक मेसा ईस्टची लॅब. एक पण शत्रू नाही. एलाय आणि मॉसमन हे शास्त्रज्ञ भेटतात, मग एलायची मुलगी अ‍ॅलिक्स बाहेर भंगारात नेऊन ग्रॅव्हिटी गन (वस्तू ओढून घेऊन फेकणारी बंदूक) देते आणि तिच्या डॉग नावाच्या रोबोटबरोबर तुम्ही चक्क कॅच-कॅच खेळता. धडधड १. वाटेत एका बंद बोगद्याकडे बघून अ‍ॅलिक्स सांगते की तिकडे आता आम्ही जात नाही. हल्ला होतो, छत कोसळतं, आणि डॉग नेमकं त्याच बोगद्याचं दार उचलून तुम्हाला आत ढकलतो.

आत शिरल्यावर थोड्या वेळात एक जागा येते तिथे थांबून नीट बघा. एका घराच्या दारात करवतीचं गोल पातं रुतलंय, आणि तिथेच कमरेपासून दोन तुकडे झालेला झॉम्बी पडलाय. पातं वाट अडवतंय म्हणून तुम्ही ग्रॅव्हिटी गनने ते ओढून घेता, आता पातं तुमच्या हातात तरंगतंय, आणि तेवढ्यात समोरून जिवंत झॉम्बी येतो. बटण दाबायला कोणी सांगत नाही. स्क्रीनवर टिप नाही. पुरावा आधी दाखवला, हत्यार हातात ठेवलं, गिऱ्हाईक पाठवलं. कॅच-कॅचच्या वेळी बोटांना जी सवय लागली ती इथे कामाला आली, आणि 'या गावात काहीतरी भयंकर झालंय आणि कोणीतरी असंच लढत होतं' ही गोष्ट पण त्याच दहा सेकंदात सांगून झाली. कीर्तनात बुवा पूर्वरंगात मुद्दा मांडून ठेवतात आणि उत्तररंगात आख्यान लावून तोच मुद्दा अंगावर आणतात, तसला प्रकार आहे हा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गेमला वीस वर्षं झाली तेव्हा व्हॉल्व्हने (गेम बनवणारी कंपनी) त्यात डेव्हलपर कॉमेंट्री (बनवणाऱ्यांचं बोलणं) घातलीय. एकदा स्वतःचे रकाने भरून झाले की ती ऑन करून परत फिरा. आधी नाही, आधी ऐकलंत तर स्वतःचं डोकं चालणार नाही.

दुसरी पायरी: एक वाक्य, आणि त्यात प्लेयरचं क्रियापद

वीस पानांची फाइल बाजूला ठेवा, फाडायची गरज नाही, पण ड्रॉवरमध्ये टाका. लेव्हलची गोष्ट एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यातला कर्ता प्लेयर असला पाहिजे. 'दुष्ट कंपनीने धरणाखाली प्रयोग केले' हे चालणार नाही, त्यात प्लेयर कुठाय? सरावासाठी मी एक घेतो, पुढे तेच वापरू: धरणाच्या पोटातल्या वीजघरात वीज परत चालू करायला प्लेयर उतरतो आणि तिथे झोपलेले प्राणी उजेडाने जागे होतात हे त्याला हळूहळू कळत जातं.

यात काम आहे (वीज चालू कर), आणि त्या कामाच्या पोटातच गोची आहे (वीज चालू केली की मेलास). अशी गोची वाक्यातच असेल तर अर्धं पेसिंग फुकटात मिळतं, कारण प्लेयरला जे करायचंय त्याचीच त्याला भीती वाटायला लागते. पहिल्या हाफ-लाइफमध्ये (१९९८) हेच आहे. सगळे शास्त्रज्ञ म्हणतात मिलिटरी येतेय, आता सुटका होणार, तुम्ही तासभर त्या आशेवर वर चढताय, आणि पहिला सैनिक दिसतो तेव्हा एक शास्त्रज्ञ त्याच्याकडे धावत जातो आणि सैनिक त्याला तिथेच गोळी घालतो. लांबलचक संवाद नाही, कटसीन (मध्येच आपोआप चालणारी फिल्म) नाही, तुमच्या डोळ्यादेखत सगळं उलटं झालं.

तिसरी पायरी: ठोक्यांचा कागद

आता लेव्हल सहा-सात ठोक्यांत, म्हणजे छोट्या प्रसंगांत, तोडा. वीजघराचं असं काहीतरी:

लिफ्टने खाली, साधारण ४० सेकंद, जाळीतून मोठा हॉल दिसतो, अंधारात टर्बाइनचे आकार. धडधड १.
कंट्रोल रूम. एक स्विच, काचेपलीकडे एक बल्ब. लावला की पलीकडे काहीतरी हलतं, बंद केला की थांबतं. काच जाड आहे, धोका नाही. २.
कॉरिडॉर, दोन बल्ब चालू, मध्ये एक प्राणी. बल्ब फोडता येतात. ३.
कँटीन. एक मेलेला कामगार, शेजारी खोक्यात नीट काढून ठेवलेले सगळे बल्ब. १.
हॉल. लिव्हर ओढायचाच आहे, दुसरा रस्ता नाही. सगळे दिवे लागतात. ५.
बाहेर पडायचा बोगदा, शांत. आणि टोकाला सकाळचं ऊन आत येतंय.

शेवटच्या ठोक्याला शत्रू ठेवलेला नाही तरी प्लेयर तिथे थबकतो, कारण उजेड म्हणजे काय हे आपण त्याला पंधरा मिनिटं शिकवलंय. तो चाचरत पुढे जातो की पळत सुटतो हे त्याचं तो बघेल.

कागदावर आकडे टाकताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'चढत जाणारा ग्राफ' या समजुतीने. २, ३, ४, ५, ५, ५ असं केलं की तिसऱ्या पाचला कोणालाच काही वाटत नाही. २००८ च्या लेफ्ट ४ डेड मध्ये व्हॉल्व्हने हे काम कोडकडे दिलं होतं. प्रत्येक प्लेयरवर किती ताण आलाय याचा गेम अंदाज ठेवतो, मार बसला की तो आकडा वाढतो, काही झालं नाही की उतरतो, आणि शिखर गाठलं की ते जेमतेम ३ ते ५ सेकंद टिकवून मग ३० ते ४५ सेकंद मोकळीक देतो. शिखरापेक्षा मोकळीक कितीतरी मोठी आहे, हे नीट बघा. आपल्याकडे तसला कोड (त्यांचा 'एआय डायरेक्टर') नसला तरी हे प्रमाण हाताने पाळता येतं.

आणि ताण फक्त कमी-जास्त करून भागत नाही, त्याचा प्रकार बदलावा लागतो. कॉल ऑफ ड्यूटी ४ मध्ये (२००७) एका मिशनमध्ये तुम्ही रात्री शेतातून, गोठ्यांतून जीव मुठीत धरून पळताय, वर शत्रूचं हेलिकॉप्टर, शेवटी मदतीला एसी-१३० विमान येतं. पुढचं मिशन सुरू होतं आणि तुम्ही त्याच विमानात बसून वरून खाली बघताय, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर माणसं म्हणजे नुसते ठिपके, आणि कानात क्रूचा एकदम थंड आवाज. स्फोट दोन्हीकडे आहेत, उलट दुसरीकडे जास्तच, पण अंगात भीतीच्या जागी एक विचित्र सुन्नपणा येतो. युद्धाबद्दल काही म्हणायचं होतं ते या दोन मिशनच्या क्रमाने म्हटलं गेलंय.

चौथी पायरी: ग्रेबॉक्स, आणि हातात मोजपट्टी

टेक्स्चर नाही, लाइटिंगचा मेकअप नाही, नुसते राखाडी ठोकळे. इथे वेग खरा तयार होतो कारण इथे अंतर ठरतं. हाफ-लाइफ २ मध्ये प्लेयरची उंची ७२ युनिट, साधा वेग सेकंदाला १९० युनिट आणि शिफ्ट दाबून ३२०. हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा (दुसरं इंजिन असेल तर त्याचे). समजा तुमच्या कॅरेक्टरला चालता चालता २० सेकंद बोलायचंय. २० गुणिले १९० म्हणजे ३८०० युनिट, प्लेयरच्या उंचीच्या पन्नासपटीहून लांब कॉरिडॉर, आणि पठ्ठ्या शिफ्ट दाबून पळाला तर ६४०० लागतील. एवढा कॉरिडॉर कोणी बांधत नाही, म्हणून मग लोक दार लॉक करतात आणि प्लेयर दारापुढे उभा राहून ई (दार उघडायचं बटण) दाबत बसतो.

यावर उपाय दोन. एक म्हणजे प्लेयरलाच कशात तरी बसवा: लिफ्ट, ट्रॉली, बोट. पहिल्या हाफ-लाइफची सुरुवातीची ट्राम हेच आहे, तुम्ही डब्यात फिरू शकता, हव्या त्या खिडकीतून बघू शकता, फक्त डबा सोडता येत नाही. दुसरा उपाय म्हणजे बोलणं कापा. बहुतेक वेळा दुसराच बरा.

खरं सांगायचं तर हाफ-लाइफ २ स्वतः पण यात सगळीकडे पास होत नाही. क्लाइनर या शास्त्रज्ञाची लॅब पहिल्यांदा मस्त वाटते, दुसऱ्यांदा खेळताना ती माणसं बोलायची थांबेपर्यंत जीव जातो. तरी बरं तिथे हात घालायला गोष्टी ठेवल्यात, छोटा टेलिपोर्टर वगैरे. थांबवायचंच असेल तर निदान चाळे करायला काहीतरी द्या.

ग्रेबॉक्स रिकामा असतानाच, एक पण शत्रू न टाकता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून वेळ मोजा. लढाया आल्यावर हा वेळ सहज दुप्पट-तिप्पट होतो. रिकामी लेव्हलच बारा मिनिटं घेत असेल तर आत्ताच कापा, नंतर डेकोरेशन झाल्यावर हात धजत नाही.

पाचवी पायरी: नजर कुठे जाणार

कॅमेरा आपला नाही पण प्लेयर कुठे बघणार याचा अंदाज चांगलाच बांधता येतो. दारातून बाहेर आल्यावर तो समोर बघतो. वळणावर तो कोपऱ्याकडे बघतो. जिना चढताना वर बघतो. अंधारात उजेडाकडे बघतो, आणि काही हललं तर तिकडे. महत्त्वाचा प्रसंग या जागांवर ठेवा, आणि ट्रिगर (प्रसंग सुरू करणारी अट) नुसता 'खोलीत शिरला' यावर लावू नका, 'खोलीत शिरला आणि तिकडे तोंड आहे' यावर लावा. सोर्समध्ये (हाफ-लाइफ २ चं इंजिन) त्यासाठी वेगळा लुक ट्रिगर आहे, बाकी इंजिनात एक डॉट प्रॉडक्ट (नजरेची दिशा आणि त्या वस्तूची दिशा किती जुळते त्याचा आकडा) काढला की झालं. थोडा टाइमआउट ठेवा (तेवढ्या वेळाने प्रसंग आपोआप सुरू होईल असा), नाहीतर एखादा कायम जमिनीकडे बघत चालणारा प्लेयर अडकून बसेल.

लांबून दिसणारी एक मोठी खूण असू द्या. हाफ-लाइफ २ च्या सिटी १७ या शहरात कुठूनही वर बघितलं की सिटाडेल हा शत्रूचा उंच मनोरा दिसतो आणि शेवटी तुम्ही त्याच्याच आत जाता, 'शत्रू कोण' हे वेगळं सांगायची गरजच पडत नाही. वीजघरात ही खूण म्हणजे लिफ्टमधून दिसलेला हॉल. प्लेयर त्यात शिरेल तेव्हा त्याला ओळखू आला पाहिजे, म्हणून जाळीतून जो टर्बाइनचा आकार दाखवला तोच आत आल्यावर पहिला दिसला पाहिजे.

सहावी पायरी: शत्रू एकेक करून

नवा प्राणी पहिल्यांदा आला की एकटा येऊ द्या, आणि जमलं तर लढाईच्या आधी नुसता दिसू द्या. रेव्हनहोममध्ये फास्ट झॉम्बी आधी चंद्रप्रकाशात छपरावरून उड्या मारत जाताना दिसतात, आणि काहीच करत नाहीत. मग लढाई, आणि नंतर पाण्याचा पाइप खडखडायला लागला की तुम्हाला कळतं वर कोण चढतंय. एवढं झाल्यावर डिझायनरला नुसता पाइपचा आवाज पुरतो. पॉयझन हेडक्रॅबचं (अंगावर उडी मारणारा छोटा विषारी प्राणी) पण तसंच, एकच चावा हेल्थ १ वर आणतो, मग हळूहळू परत भरते, म्हणजे तो एकटा तुम्हाला मारत नाही पण त्याच्याबरोबर एक साधा झॉम्बी असला तर खेळ खल्लास. ओळख झालेले दोन शत्रू एकत्र आणणं हे तिसरा नवा शत्रू बनवण्यापेक्षा स्वस्त आणि बहुतेक वेळा जास्त मजेचं.

सातवी पायरी: गोळ्या, हेल्थ, चेकपॉइंट

याला लोक बॅलन्सिंगचं काम समजून शेवटी करतात. माझ्या मते ते गोष्टीचंच काम आहे. रेव्हनहोममध्ये गोळ्या मुद्दाम कमी आहेत, म्हणून माणूस करवतीची पाती, रंगाचे डबे, रेडिएटर असलं काय काय फेकायला लागतो, आणि म्हणून ते गाव लक्षात राहतं. अख्खं रेव्हनहोम फक्त ग्रॅव्हिटी गनने पार करायचं अचीव्हमेंट पण आहे. तिथे जर प्रत्येक वळणावर मशीनगनच्या गोळ्या असत्या तर ते साधं शूटिंग झालं असतं.

चेकपॉइंटबद्दल (मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागा) आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको, सायबर कॅफेत प्रोजेक्ट आयजीआय खेळलेल्या प्रत्येकाला माहितीय की मिशनच्या मध्ये सेव्हच नव्हतं. शेवटच्या टॉवरवरच्या स्नायपरने मारलं की सगळं पहिल्यापासून. त्यातून जी टरकायची ती खरीच होती, पण चौथ्यांदा तेच कुंपण कापताना गोष्ट डोक्यात कुठे राहते. तेव्हा नियम सोपा ठेवा: संवाद किंवा सीन संपल्यानंतर आणि लढाईच्या आधी चेकपॉइंट. सीनच्या आधी ठेवलात तर मेलेल्या प्लेयरला तोच डायलॉग पाच वेळा ऐकावा लागेल आणि तो तुमच्या लाडक्या कॅरेक्टरला शिव्या घालेल.

आठवी पायरी: आता संवाद लिहा

हो, आत्ता. आधी नाही. एव्हाना बऱ्याच ओळींची गरजच उरलेली नसते. कँटीनमधला कामगार आणि बल्बचं खोकं बघितल्यावर 'त्यांना उजेड आवडत नाही' असं रेडिओवर कोणी सांगायची गरज आहे का? नाही. सांगितलंत तर उलट प्लेयरने स्वतः ओळखल्याची मजा घालवलीत.

जे उरेल ते छोटं ठेवा आणि गोळीबार चालू असताना बोलायला लावू नका, कोणी ऐकत नाही. बायोशॉकमधल्या (२००७) ऑडिओ डायऱ्या चालता चालता ऐकता येतात ही चांगली सोय आहे, पण तिथे पण डायरी लावली आणि तेवढ्यात शत्रू आला की सगळं वाया, म्हणून डायरी लढाई संपलेल्या खोलीत ठेवा, पुढच्या लढाईच्या उंबऱ्यावर नको. रेव्हनहोममधल्या फादर ग्रिगोरी या पाद्र्याकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तो गच्चीवर, पुलावर, वर कुठेतरी दिसतो, दोन वाक्यं बोलतो, एक झॉम्बी उडवतो, हसतो, जातो. एकदा वरून शॉटगन टाकतो. शेजारी चालतो तो फक्त शेवटच्या स्मशानात. त्यामुळे तो दिसला की बरं वाटतं आणि एस्कॉर्ट मिशनचा (कोणाला तरी सांभाळत न्यायचं मिशन) वैताग पण येत नाही.

मराठीत गेम करत असाल तर ओळी लिहून झाल्यावर मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून गेममध्ये टाका, मगच व्हॉइस आर्टिस्टकडे जा. कागदावर बरी वाटणारी 'सावध राहा, येथे धोका आहे' ही ओळ कानात पडली की हसू येतं, आणि 'थांब, हलू नको' हे अर्ध्या वेळेत तेच काम करतं.

नववी पायरी: दुसऱ्याला खेळायला बसवा आणि गप्प बसा

पहिला हाफ-लाइफ १९९७ च्या शेवटी यायचा होता, टीमला तो बरा वाटला नाही, त्यांनी एक नमुना लेव्हल बनवून जवळपास सगळं परत उभं केलं आणि गेम आला नोव्हेंबर १९९८ ला. मधल्या काळात दोनशेहून जास्त प्लेटेस्ट झाल्या, आणि त्यात डिझायनर मागे बसून नुसतं बघायचे, एक अक्षर बोलायचं नाही. आपल्याला दोनशे कुठून जमणार, पण चार-पाच माणसं मिळतात, त्यात एक तरी कधी एफपीएस न खेळलेला असू द्या.

'आवडलं का' विचारू नका, मित्र हो म्हणतात. बघायचं ते हे: कुठे तो मागे वळून बघतो (रस्ता कळला नाही), कुठे माऊस सोडून मोबाइल उचलतो (लांबलंय), कुठे विनाकारण रिलोड करतो (घाबरलाय, हे चांगलं आहे), आणि काचेपलीकडच्या बल्बचा स्विच त्याने परत परत दाबून बघितला का. दाबला तर शिकवण पोचली. एकदाच दाबून पुढे गेला असेल तर कॉरिडॉरमध्ये तो नक्की मरणार आणि गेमला दोष देणार.

दुरुस्ती करताना क्रम पाळा. कंटाळवाण्या जागी पहिला मोह होतो तिथे दोन शत्रू टाकायचा. तसं करू नका. आधी ती जागा निम्मी करून बघा. मग प्रसंग पुढे-मागे सरकवून बघा. मग एखादी ओळ काढून बघा. एवढं करून पण जागा मेलेलीच वाटली तरच शत्रू, आणि तो आधी ओळख झालेलाच. प्रत्येक बदलानंतर नवा माणूस बसवा, तोच जुना नको, कारण त्याला आता माहितीय की उजेडात काय आहे.